कुत्र्याची जात

कुत्रा पाळायचा विचार बोलून दाखवला की पहिला प्रश्न येतो, 'कुठली जात?' इंग्रजीतला 'ब्रीड' हा शब्द पशुपैदाशीच्या व्यवहारातला आहे. आपण त्यासाठी 'जात' योजतो आणि त्या शब्दाचा सारा इतिहास बिचाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात बांधतो. मग ओळीने 'जातिवंत', 'अस्सल' येतात (समीक्षेतही 'जातिवंत कवी' असतोच), आणि उरलेल्यांच्या वाट्याला 'गावठी', 'भटका', 'बेवारशी'. संकरित गाय किंवा संकरित ज्वारी म्हटले की आपल्याला भरघोस उत्पन्न आठवते. कुत्रा संकरित निघाला की मात्र काहीतरी बाटल्याचा सूर लागतो. वर्णसंकराची जुनी भीती भाषेतून गेलेली नाही. ती कुत्र्यापाशी दबा धरून बसली आहे, असे मला वाटते.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यात तर हा प्रश्न अधिकच विसंगत वाटतो. उल्हासनगर म्हणजे महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभे केलेले शहर. १९४९ साली त्याला आजचे नाव मिळाले, तरी पत्त्यांत अजून कॅम्पांचे आकडे आहेत. अंबरनाथला १०६० च्या शिलालेखाचे शिलाहारकालीन शिवमंदिर आणि त्याच गावात आयुधनिर्माणी व कारखान्यांसाठी देशभरातून आलेली वस्ती. बदलापूरच्या इमारतींत मुंबईतले घर न परवडलेली कुटुंबे. ही तिन्ही गावे सरमिसळीतूनच वाढली. शिवाय 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद इथे सर्वांना पाठ आहे. लेबलावर किती विसंबावे हे या लोकांना कोणी शिकवायला नको. कुत्र्याच्या बाबतीत मात्र लेबल पाहूनच पैसे मोजले जातात.

आता घराकडे पाहू. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर. नवराबायको दोघे सकाळी सातच्या आतबाहेर लोकल धरतात आणि रात्री आठ-नऊला परततात. एका शयनगृहाचे घर, तिसरा-चौथा मजला, उन्हाळ्यात पारा चाळिशीवर. अशा घरात सायबेरियातल्या बर्फासाठी घडलेला हस्की आणणे म्हणजे त्या जिवाला शिक्षा आहे. दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीमुळे घराघरांत शिरलेल्या पगला आखूड नाकामुळे उकाड्यात श्वासाचा त्रास होतो. लॅब्रेडॉर प्रेमळ खरा, पण रोज भरपूर पळवले नाही तर सोफ्याचा कापूस तोच काढतो.

शरीराबद्दल, म्हणजे आकार, केस, नाक यांबद्दल वंश बरेच सांगतो. स्वभावाबद्दल मात्र फार थोडे. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरकाचा उलगडा वंशावरून होतो, असे त्यात दिसले. म्हणजे 'जात' विचारून आपण ज्याची खात्री करून घेऊ पाहतो, ते त्या उत्तरात फारसे नसतेच.

म्हणून मिश्र कुत्रा घ्यावा हे माझे मत. पण तो कुठलाही नव्हे. पिल्लू गोजिरवाणे असते, परंतु त्याचे मोठेपणीचे आकारमान सांगता येत नाही आणि त्याला दर दोन-तीन तासांनी माणूस लागतो. घरी दिवसभर आजी-आजोबा असतील तरच त्याचा विचार करावा. तेही पिल्लाला आईपासून आठ आठवड्यांच्या आत न तोडता. इतरांनी दीड-दोन वर्षांचा, स्वभाव उघड झालेला कुत्रा निवडावा. त्याला एकदा पाहून ठरवू नये. जिन्यात अनोळखी माणूस समोर आला, कुकरची शिट्टी झाली, एखादे मूल अंगावर धावले, तर तो काय करतो? खाताना जवळ गेले तर गुरगुरतो का? साखळीला हिसके देतो का? (आजोबांच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे.) एकटा ठेवल्यावर झोपतो की दार ओरबाडतो? सांभाळणाऱ्याला हे सारे ठाऊक असते. विचारले तर तो सांगतो. लसीकरण आणि नसबंदी यांबद्दल अर्थातच तडजोड नको.

एक इशारा आपल्या वर्तुळासाठी. परिसंवादात देशीवादावर बोलून घरी जर्मन शेफर्ड बाळगणारे प्राध्यापक आपण पाहिले आहेत. त्यांची थट्टा सोपी आहे. पण 'आपला देशी' म्हणून अभिमानाने रस्त्यावरचे कुत्रे उचलून आणणे, हेही जातच विचारणे झाले, फक्त उत्तर उलटे. गल्लीत मोकळे वाढलेले एखादे कुत्रे बंद दाराआड भेदरते. त्याचे आयुष्य त्या गल्लीत, तिथल्या माणसांत असते. त्याला घरात कोंडून आपली वैचारिक भूमिका सिद्ध करण्याचे कारण नाही.

हौस फिटल्यावर सोडून दिलेला 'जातिवंत' कुत्रा रस्त्यावर आला की महिन्याभरात भाषेच्या लेखी 'भटका' होतो. आधी भुकेला, मग खरुजलेला, मग तक्रारीचा विषय. त्याला गाडीतून आणून सोडणाऱ्या माणसासाठी मात्र मराठीत असा चिकटणारा शब्द नाही. तेव्हा घराला बारा तास कुलूप असेल आणि मधल्या वेळी त्याला फिरवून आणणारा शेजारी वा पगारी माणूस नसेल, तर कुत्रा आणूच नये. जातिवंतही नाही आणि गावठीही नाही.