नेम

मराठी माणूस एकच शब्द दोन कामांना जुंपतो, आणि दोन्ही कामे बिनबोभाट करून घेतो. ‘नेम’ हा असाच एक शब्द. एक नेम झाडावरच्या कैरीवर मारलेल्या दगडाचा, गोट्यांचा, बंदुकीचा. दुसरा नेम आमच्या आजीचा : पहाटे उठून तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही. पहिला नेम धरायचा असतो, दुसरा पाळायचा असतो. या दोहोंचे आपसात काही नाते असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण आमच्या भाचेबुवांनी गेल्या वर्षभरात जो घोळ घातला, त्यात या दोन नेमांची अशी काही गाठ पडली, की त्यावर चार शब्द लिहिणे भागच आहे.

गाठ पडली ती पूल नावाच्या खेळावरून. नाव ऐकताच काही वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील. बिलियर्ड्स म्हटले की साहेबाचा क्लब, हिरवे मखमली टेबल आणि पांढरे पोशाख डोळ्यांपुढे येतात. पूल म्हटले की सिगारेटच्या धुरातले इंग्रजी चित्रपटातले उडाणटप्पू. वस्तुतः ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे. त्यांतले स्नूकर तर आपल्या जबलपूरच्या लष्करी छावणीत १८७५ साली जन्मले असे मानतात. आता पूलची टेबले शहरातल्या कोणत्याही रस्त्यावर, कपड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, तासाच्या भावाने मिळतात, आणि तिथे आपलीच मुले खेळत असतात.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा खेळ मी एकदोनदा मुद्दाम जाऊन पाहिला होता. गंमत अशी, की हा मुलगा नेम धरताना कधी दिसतच नसे. टेबलाभोवती एक चक्कर, वाकणे, काठी मागे, काठी पुढे, आणि रंगीत चेंडू कोपऱ्यातल्या भोकात. मी विचारले, “कुठं मारायचं हे तुला कळतं कसं रे?” तो म्हणाला, “काय की मामा. दिसतं.”

मग कुणीतरी त्याला शास्त्र शिकवले. शास्त्र वाईट नाही. गेल्या दिवाळीत त्याने मला ते घरच्या टेबलावर, ताईने केलेले बेसनाचे लाडू मांडून समजावून दिले. ज्या लाडवाला भोकात घालायचे, त्याच्या मध्यातून भोकापर्यंत एक सरळ रेषा कल्पायची आणि ती तशीच मागे वाढवायची. त्या रेषेवर, लाडवाला पाठीमागून चिकटलेला, एक न दिसणारा लाडू बसला आहे असे समजायचे. याला म्हणे ‘भुताचा चेंडू’ म्हणतात. आपण मारलेला पांढरा चेंडू बरोबर त्या भुताच्या जागी जाऊन आदळला, की रंगीत चेंडू रेषेवरून निमूट चालू लागतो. “लाडू खायला केलेत, भुतं बसवायला नाही,” असे म्हणून ताईने ताट उचलले, म्हणून माझे शिक्षण तेवढ्यावर थांबले.

पण हिशेब माझ्या डोक्यात राहिला, आणि मी तो कागदावर करून पाहिला. चेंडू सव्वादोन इंचांचा, भोकाचे तोंड साडेचार इंचांचे. रंगीत चेंडू भोकापासून चार फुटांवर असला, तर पांढऱ्याला भुताच्या जागेपासून डावीउजवीकडे किती सरकण्याची मुभा असेल? दीड मिलिमीटरसुद्धा नाही! आणि एवढ्याने भागत नाही. दोन चेंडू आदळताना एकमेकांना घासतात, त्या घर्षणाने रंगीत चेंडू रेषेपासून जरासा ओढला जातो. चेंडू मळके असले तर जास्तच. पांढऱ्याला बाजूने टोला देऊन फिरकी दिली, तर तो काठीच्या दिशेला न जाता किंचित फटकून जातो. फ्रान्समधल्या कोरिओलिसने (वाऱ्यांच्या वळण्याला ज्याचे नाव दिले आहे तोच हा गृहस्थ) १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर एक आख्खा ग्रंथ लिहिला, तो काही उगीच नव्हे.

आता हे सारे मनात धरून एखाद्याने वाकावे आणि काठी चालवावी म्हटले, तर काय होईल? भाचेबुवांचे जे झाले तेच. चार महिन्यांत त्याचा खेळ बसला. वाकायचा, पुन्हा उभा राहायचा, एक डोळा मिटायचा, पुन्हा वाकायचा. जे चेंडू तो पूर्वी बोलता बोलता घालायचा ते भोकाच्या ओठाला लागून परत येऊ लागले. कॉलेजा-कॉलेजांच्या सामन्यात पहिल्याच फेरीत, त्याच्याहून कच्च्या मुलाकडून, तो हरला. घरी येऊन त्याने स्वतःची काठी कपाटाच्या वर टाकली. मला म्हणाला, “मामा, आधी चेंडू दिसायचा. आता नुसत्या रेघा दिसतात.”

ताईला मनातून बरे वाटले. अभ्यासाकडे लक्ष लागेल, हा तिचा हिशेब. मला मात्र बरे वाटले नाही. वीस वर्षांच्या मुलाने परीक्षेत नापास व्हावे, एकवेळ चालेल. पण जी एक गोष्ट आपल्याला हमखास येते असे त्याला वाटत होते, तीच हातून निसटावी, आणि का निसटली हे त्याला कळू नये, हे काही चांगले नाही.

का निसटली याचा विचार मोठमोठ्यांनी केलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९४८ साली सॅव्हेज या संख्याशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या एका निबंधात, आणि पुढे १९५३ साली पुन्हा, बिलियर्ड्सच्या पट्टीच्या खेळाडूचा दाखला दिला आहे. हा खेळाडू असा खेळतो, की जणू काही त्याला सगळी अवघड सूत्रे येतात, कोन डोळ्यांनी अचूक मोजता येतात आणि उत्तरे क्षणात काढता येतात. प्रत्यक्षात त्याला सूत्रे येत नसतात. फ्रीडमन यांना त्यातून बाजारपेठेविषयी सिद्धांत काढायचा होता, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपल्यापुढचा प्रश्न असा, की अशा खेळाडूला खरोखरच सूत्रे शिकवली आणि ‘ही वापरून खेळ’ म्हटले तर?

त्याचे उत्तर गोल्फच्या खेळावर झालेल्या प्रयोगांत सापडते. अमेरिकेत सायन बाइलॉक आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली अनुभवी गोल्फपटूंना दोन प्रकारे चेंडू मारायला लावले. एकदा स्वतःच्या हाताच्या फेकीकडे बारीक लक्ष ठेवून, आणि एकदा त्याच वेळी कानावर पडणाऱ्या सुरांतला ठराविक सूर ओळखत. तुम्हांआम्हांला वाटेल, सुरांकडे लक्ष गेल्याने खेळ बिघडेल. बिघडला तो हाताकडे लक्ष ठेवल्याने! २००४ साली त्यांनी आणखी एक प्रयोग केला. ‘झटपट मारा’ म्हटल्यावर मुरलेले खेळाडू सुधारले, आणि नवशिके मात्र ‘सावकाश, अचूक मारा’ म्हटल्यावर बरे खेळले. म्हणजे जो उपदेश शिकाऊ माणसाला अमृत, तोच शिकलेल्याला वीष.

बँकेत सही न जुळलेल्या कोणाही पेन्शनराला हे प्रयोग करून पाहण्याची गरज नाही. चाळीस वर्षे जी सही हातातून आपोआप ओघळली, तीच ‘नमुन्याप्रमाणे करा’ म्हटल्यावर एकदम परक्याची दिसू लागते. काउंटरमागची मुलगी तीनदा मान हलवते. अशा वेळी माझ्या ओळखीचे एक गृहस्थ खिडकीबाहेर पाहत, कोणाशी तरी बोलत सही करतात. जुळते म्हणे.

मात्र यावरून कोणी ‘उपजत’ या शब्दावर स्वार होऊ नये. आपल्याकडे ते फार लवकर होते. मुलगा दोन सूर बरे गायला की उपजत, तीन चेंडू भोकात घातले की उपजत. विली मॉस्कोनी हा अमेरिकन खेळाडू घ्या. त्याने १९५४ साली ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी एकही न चुकता लागोपाठ ५२६ चेंडू घातले. तो आकडा पासष्ट वर्षे टिकला. २०१९ साली जॉन श्मिट याने ६२६ चेंडू घातले तेव्हा कुठे तो मागे पडला. मॉस्कोनीचा खेळ झपाट्याचा होता, पाहणाऱ्याला वाटावे की हा विचारच करत नाही. पण लहानपणी फिलाडेल्फियात, मुलाने या खेळाच्या नादी लागू नये म्हणून बापाने चेंडू कुलपात ठेवले, तेव्हा हे पोर घरातले गोल गोल बटाटे घेऊन झाडूच्या दांड्याने खेळत बसे. (बापाचा धंदा काय? पूलचे टेबल भाड्याने देण्याचा! आईबाप सगळीकडे सारखेच.) फिलिपाइन्सचा एफ्रेन रेयेस १९९९ साली जगज्जेता झाला. तो मनिलात नातलगाच्या अड्ड्यावर वाढला, आणि रात्री झोपायचा तोही पूलच्या टेबलावरच.

आणि परदेशी कशाला जायला हवे? विल्सन जोन्स १९२२ साली आपल्या पुण्यात जन्मले. १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते हौशी खेळाडूंच्या बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी बारा वेळा मिळवले, आणि १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो इतरांना शिकवल्याबद्दल. उपजत देणगी दुसऱ्याला शिकवता येत नाही. शिकवता येतो तो नेम. आजीचा नेम! रोज त्याच वेळी, त्याच टेबलाशी, तोच चेंडू शंभरदा. दुसरा नेम इतकी वर्षे पाळला, की पहिला धरावा लागत नाही.

मला सर्वांत मौजेची वाटली ती हकीकत अजून निराळीच आहे. २००२ सालीच बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या डोळ्यांची पाहणी झाली. बारा तरबेज खेळाडू, बारा साधारण. टोला मारण्यापूर्वी त्यांची नजर कोठे आणि किती वेळ ठरते, हे यंत्राने टिपले. तरबेज खेळाडूंची शेवटची स्थिर नजर साधारण खेळाडूंपेक्षा अधिक वेळ टिकत होती, आणि बसलेल्या टोल्यापूर्वी ती चुकलेल्या टोल्यापेक्षा अधिक वेळ टिकत होती. टोला जितका अवघड, तितकी नजर लांब. म्हणजे ‘न बघता मारतो’ असे ज्याच्याविषयी आपण कौतुकाने म्हणतो, तोच सर्वांत जास्त बघत असतो. तो फक्त मनातल्या मनात बोलत नसतो, इतकेच.

हे मी भाच्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण त्याला पटवले ते मी नव्हे, त्याच्या आईने, आणि तेही नकळत. त्याची बहीण न्यू जर्सीत असते. तिने यंदा आईला विचारले, “चकलीच्या भाजणीला पाणी नक्की किती घालू?” ताई तीस वर्षे चकल्या करते, पाणी कधी मोजलेले नाही. मुलीसाठी म्हणून तिने प्रथमच वाटी, चमचा, काटा घेऊन सगळे मोजून मापून केले. मोहन मोजले, पाणी मोजले, फोनवर एकेक आकडा सांगितला. चकली सोऱ्यातून पडताच तुकडे तुकडे! दुसरा घाणा केला तो तेलात विरला. भाचा ते तुकडे खात खात म्हणाला, “आई, तुझ्यापण रेघा दिसायला लागल्या वाटतं.” ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग हात धुऊन, वाटी बाजूला सारून तिने तिसरा घाणा घेतला. पण फोन मात्र बंद केला नाही. मुलीला म्हणाली, “तू मापानंच कर पहिली दोनतीन वर्षं. आणि पीठ हाताला कसं लागतंय ते रोज बघत जा.”

काठी कपाटावरून खाली आली आहे, ती ताईनेच काढून दिली. आता तो म्हणतो, सगळे गणित उभे असताना करायचे. एकदा वाकलो की गणित बंद, फक्त बघायचे. बरेच शिक्षकही असेच शिकवतात म्हणे. अजून तो पूर्वीइतका घालत नाही. पण हरून आला तरी जेवायला बसतो.

भाऊबीजेला तुमच्याकडे चार माणसे जमतील, पलंगाखालचा कॅरमबोर्ड निघेल, बोरिक पावडर शोधताना घरात भांडणे होतील. तेव्हा एक करून पाहा. सोंगट्यांकडे पाहू नका, खेळणाऱ्यांच्या डोळ्यांकडे पाहा. मोठमोठ्याने कोन समजावून सांगणाऱ्या काकांची नजर सोंगटी, भोक, स्ट्रायकर, पुन्हा सोंगटी आणि मधूनच तुमच्या तोंडाकडे अशी भिरभिरत असेल. आणि कोपऱ्यात एखादी आत्या बसलेली असेल. तिची नजर एका जागी जाऊन थांबेल, जरा जास्तच वेळ. मग तुम्ही राणीकडे बघा.