एका बाजूची गाठ

आमच्या बेळगावच्या घरी आड होता. घागर ओढताना आजी हात बदलायच्या वेळी दोर पायाखाली दाबून धरायची, म्हणजे ओढलेलं परत जात नसे. कातळावर तेच काम दोन कॅराबिनर करतात. त्या गाठीला गार्डा हिच म्हणतात.

एकसारखे दोन कॅराबिनर एका स्लिंगमध्ये शेजारी-शेजारी अडकवायचे. दोर दोघांतून न्यायचा, वेढा देऊन परत फक्त पहिल्यातून काढायचा, म्हणजे तो दोघांच्या मधून बाहेर पडतो. आपण ओढला की सरकतो. वजनाने मागे खेचला गेला की कॅराबिनर एकमेकांवर दाबले जातात आणि दोर चिमटीत सापडतो. कप्पी नको, यंत्र नको. म्हणून मला ती गाठ आवडायची. जरा जास्तच!

बदामीच्या तांबड्या कातळावर सराव चालला होता. भाचा झाला होता जखमी, आम्ही त्याला वर ओढत होतो. तीन मीटर दोर ओढला की माणूस मीटरभर वर, अशी मांडणी, वर गार्डा. तेवढ्यात खालून आवाज, "मामा, थांब! गुडघा अडकलाय, खाली सोड की!"

पुढे आलेल्या कातळाखाली गुडघा गेला होता. वर ओढावं तर तो चिरडणार, आणि वीतभर खाली सोडायला गार्डा तयार नाही. भार असताना ती सुटत नाही, हे मीच पोरांना शिकवत असे.

शेवटी त्याच्या दुसऱ्या, सुरक्षेच्या दोराला ताण दिला. पायासाठी फास खाली सोडला. त्यात मोकळा पाय रोवून तो दातओठ खात बोटभर उचलला गेला, तेव्हा कुठे गार्डावरचा भार उतरला. मग ती उघडली आणि दुसऱ्या दोरावर त्याला हळूहळू खाली घेतलं. हाड वाचलं, पण गुडघा टोमॅटोसारखा सुजला. ताई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिचं काय चुकलं?

आता गार्डाच्या मागे मी भाराखालीही सोडता येणारी मंटर-म्यूल गाठ ठेवतो. शिवाय गार्डा कुठल्या बाजूने अडेल हे नुसतं बघून पटकन कळत नाही, म्हणून भार द्यायच्या आधी दोन्हीकडून ओढून बघतो.

भाचा अजून येतो. पण दोराला लटकण्याआधी सामानाची पिशवी पुढे करतो, "मामा, आधी हिला खाली सोडून दाखव."