नरसिंहाला गोड गळा कसा चालेल?

पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली मुलं सुटीत घरी आली, की त्यांच्यासोबत एक नवा आवाजही घरात येतो. बंद दारामागून गुरगुर, धडधड ऐकू येते आणि आपण ओरडतो, ‘‘बंद कर तो गोंगाट!’’ वरातीतला डीजे मात्र आपण निमूट सहन करतो.

या संगीताला मेटल म्हणतात. १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या पोरांनी त्या खरखरीत गळ्याखाली गिटारच्या सुरेल चाली गुंफल्या. नॉर्वेच्या ‘डिम्मू बोर्गिर’ने १९९७ च्या ‘एन्थ्रोन डार्कनेस ट्रायम्फंट’ या अल्बममध्ये कीबोर्डचा भव्य थाट आणला. हे वारं मुंबईलाही लागलं. साहिल माखिजाने २००० साली ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड काढला. नावाने दचकू नका, याच माणसाने यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’मधून रेसिपीही शिकवल्या आहेत!

२०१७ साली या बँडचा अल्बम आला, ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत, दहा अवतारांची दहा गाणी. शब्द इंग्रजी, पण गोष्ट आपल्या आजीने सांगितलेली. आता तुम्हीच सांगा, खांब फोडून बाहेर आलेला नरसिंह काय भावगीत गाईल? तिथे गुरगुरणारा गळाच हवा.

उग्र रूप आपल्याला परकं थोडंच आहे? आपल्या तुळजापूरची आई भवानी महिषासुरमर्दिनीच. गोंधळात संबळाच्या कडकडाटाने अंगावर काटा येतो, पण त्याला कुणी गोंगाट म्हणत नाही. कारण त्यामागची कथा आपल्याला ठाऊक असते. मुलांच्या गाण्यामागची कथा मात्र आपण कधी विचारलेलीच नसते.

म्हणून एकदा आवाज बेताचा ठेवून ‘दशावतार’ लेकरासोबत ऐकून बघा. आधी गळ्याकडे लक्ष न देता गिटारची चाल पकडा. मग मागचा कीबोर्ड ऐका, मग ढोलांची घाई. अर्थ त्यालाच सांगू द्या. नाही आवडलं तर तसं खुशाल सांगा, पण ऐकून सांगा.

आणि दाराआड मुलगी असेल, तर ‘मुलीच्या जातीला हे शोभतं का?’ एवढं मात्र म्हणू नका. रोज भवानीला हात जोडणाऱ्या घरात लेकीचा चढलेला आवाज खटकावा, हे काही बरं नव्हे.