सरासरी गल्ल्यावर हप्ता ठरवू नका!

मित्रांनो, 'दिवसाचा सरासरी धंदा किती?' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. समजा, वडापावच्या गाडीचा सहा दिवसांचा गल्ला १९००, २०००, २०००, २१००, २२००, २३०० आणि रविवारचा ८५००. सरासरी आली ३०००. पण ३००० चा दिवस आहे कुठे? एकही नाही! त्या हिशोबाने रोज माल भरलात तर सहा दिवस उरणार, आणि रविवारी गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जाणार.

आकडे चढत्या क्रमाने लावा, मधला बघा: २१००. यालाच मध्यक म्हणतात. अ‍ॅप वगैरे नंतर. आधी वहीत एक रेघ मारा, तिच्यावर प्रत्येक दिवसाचं एक टिंब द्या. टिंबं कुठे गर्दी करतात, कुठलं एकटं लांब पडतं, ते दिसेल. कर्जाचा हप्ता त्या गर्दीतून निघत असेल तरच कर्ज घ्या. पावसाळ्यात रविवारही बसतो हो!