पुरणे आणि टिकणे

मराठीत 'पुरणे' आणि 'टिकणे' ही दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. घरासाठी हत्यारे-अवजारे घेताना जो गोंधळ होतो, तो बहुतांशी या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतो, असे आमचे मत आहे. टिकणे हा वस्तूचा स्वतःचा गुण मानता येतो; पुरणे मात्र नेहमी कशाला तरी आणि कोणाला तरी पुरणे असते. शेरभर तांदूळ दोघांना पुरतील, दहाजणांना पुरणार नाहीत. तांदळाच्या प्रतीचा त्याच्याशी संबंध नाही. भिंतीतल्या चार खुंट्यांना, कुंडीतल्या मातीला, वर्षाकाठी एकदा येणाऱ्या गुलाबाच्या छाटणीला स्वस्तातले हत्यार चालेल का, हा प्रश्न पुरण्याचा आहे. त्याची उत्तरे मात्र जाहिराती, दुकानदार आणि अनुभवी शेजारी हे सर्व टिकण्याच्या भाषेत देत असतात.

या संदर्भात दोन ठरीव भूमिका ऐकू येतात. 'घ्यायचे तर चांगलेच घ्यावे, एकदाच काय तो खर्च' ही पहिली, आणि 'स्वस्तात मस्त मिळत असताना नावाचे पैसे कशाला मोजायचे' ही दुसरी. वरवर पाहता या परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोहोंत एक साम्य आहे: दोन्ही भूमिका पारख करण्याचे कष्ट टाळतात. पहिली किमतीवरून गुण ठरवते, दुसरी किमतीवरून शहाणपण. हातात घेतलेल्या वस्तूकडे आणि तिच्याकडून करून घ्यायच्या कामाकडे पाहण्याची गरज दोघींनाही वाटत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही सवय अपरिचित नसावी. एखाद्या ग्रंथाची स्वस्त आवृत्ती वाचनासाठी उत्तम आणि पाठचिकित्सेसाठी निरुपयोगी असू शकते. 'आवृत्ती चांगली की वाईट' हा प्रश्न प्रयोजन सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. हातोडीबाबतही तो तसा विचारता येत नाही.

महाग तेच अखेर स्वस्त पडते, या मताची सर्वांत प्रभावी मांडणी एका विनोदी कादंबरीत आहे. टेरी प्रॅचेट यांच्या 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) या कादंबरीतला पोलीस अधिकारी व्हाइम्स बुटांचे गणित मांडतो. श्रीमंत माणूस पन्नास डॉलरचे बूट घेतो आणि ते वर्षानुवर्षे वापरतो. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते एकदोन हंगामांत फाटतात, आणि काही वर्षांत त्याचा एकूण खर्च श्रीमंताहून अधिक होतो, शिवाय पाय ओले राहतात ते वेगळेच. गरिबी महाग असते, हे सांगणारे हे गणित मार्मिक आहे. पण ते बुटांचे आहे, आणि बूट रोज वापरायची वस्तू आहे, हे विसरून चालणार नाही. मध्यमवर्गीय घरातले ड्रिल वर्षभरात किती वेळ फिरते? पडद्याचा दांडा, एखादे कपाट, दोन चौकटी, असा हिशेब केला तर भोके पाडण्याचा प्रत्यक्ष वेळ मिनिटांतच मोजावा लागेल. त्या मिनिटांसाठी कारागिराच्या दर्जाचे यंत्र घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेव्हा व्हाइम्सचे गणित खरे असले तरी ते सुताराला लागू पडते, सुताराकडून काम करून घेणाऱ्याला नव्हे. वापराची वारंवारता ही पारखीची पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिचा विचार फारच थोडे लोक करतात. हत्यार निकामी होताना आपल्याबरोबर काय घेऊन जाते, ही ती कसोटी. प्लास्टिकची स्वस्त झारी दोनतीन उन्हाळ्यांत उन्हाने कडक होऊन तडकते. नुकसान झारीचेच होते. झाडांचे काही बिघडत नाही. घमेल्याचे तेच, माती उकरायच्या छोट्या थापीचेही तेच. अशा वस्तूंत काटकसर करावी आणि निर्धास्त असावे. याउलट, हलक्या पोलादाचा स्क्रूड्रायव्हर झिजतो तेव्हा एकटा झिजत नाही. त्याच्या टोकाच्या कडा गोल होतात, टोक खाचेतून निसटते आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच खाऊन टाकते. मग तो स्क्रू चांगल्या हत्यारालाही दाद देत नाही. छाटणीच्या कात्रीचेही असेच आहे. दोन पात्यांमध्ये फट असेल किंवा धार बोथट असेल तर गुलाबाची फांदी कापली न जाता चिरडते, आणि चिरडलेल्या टोकापासून ती खाली वाळत जाते. इथे वाचवलेल्या पैशांची किंमत हत्यार देत नाही, काम देते.

याही पलीकडे काही हत्यारे अशी आहेत की त्यांच्या अपयशाची किंमत शरीर देते. ओतीव लोखंडाच्या हलक्या हातोडीचा टवका उडतो तो डोळ्याकडे. पाचर सैल झालेल्या दांड्यातून हातोडीचे डोके निसटते ते कोणाच्या दिशेने, हे सांगता येत नाही. शिडीविषयी तर बोलायलाच नको. आणि सर्वांत बोलके उदाहरण विजेच्या टेस्टरचे. घरातल्या बहुतेक हत्यारांपेक्षा तो स्वस्त असतो. त्याच्या पोटात निऑनचा छोटा दिवा आणि त्याला जोडून मोठा रोधक असतो. २३० व्होल्टचा प्रवाह आपल्या शरीरातून जाताना जाणवणारही नाही इतका क्षीण होतो तो त्या रोधकामुळे. म्हणजे टेस्टर वापरणारा माणूस स्वतःच त्या मंडलाचा एक भाग असतो, आणि त्याच्या व मृत्यूच्या मध्ये बोटाच्या पेराहूनही लहान एक वस्तू असते. तिच्या दर्जाबाबत तडजोड करून किती रुपये वाचतील? किंमत कमी म्हणून जोखीम कमी, असे आपण नकळत धरून चालतो. टेस्टर हा समज खोटा ठरवतो.

तिसरी कसोटी पहिल्या दोहोंतून आपोआप निघते. हत्याराचा कामाला भिडणारा भाग कोणता, हे आधी ओळखावे आणि पैसा तिथे घालावा. साध्या ड्रिलला चांगले बिट लावले तर विटेच्या भिंतीत नीट भोक पडते. महागड्या ड्रिलला बोथट बिट लावले तर भिंत तापते आणि माणूसही. भिंतीसाठीच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो, खरे काम तो तुकडा करतो. सिमेंट-काँक्रीटच्या तुळईत भोक पाडायचे असेल तर घरगुती ड्रिल, स्वस्त असो वा महाग, बहुधा अपुरेच पडते. तिथे मोठे हॅमर ड्रिल भाड्याने आणावे किंवा ते बाळगणाऱ्या कारागिराला बोलवावे. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांत आणखी एक मेख असते. प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळी. ती मेली आणि बाजारात मिळेनाशी झाली की धडधाकट यंत्रही अडगळीत जाते. तेव्हा अशा यंत्राची पारख करताना यंत्राआधी बॅटरीची चौकशी करणे शहाणपणाचे.

हे सारे कळत असूनही आपण नावाला भुलतो. त्याचे कारण केवळ जाहिरातीत नाही. रॉबर्ट पिर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) या पुस्तकात एक प्रसंग आहे. निवेदकाच्या मित्राच्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचे हँडल सैल होऊन घसरते. बिअरच्या रिकाम्या डब्याची पातळ पट्टी कापून सांध्यात बसवावी, असे निवेदक सुचवतो. ॲल्युमिनियम मऊ असते, सांध्यात बसते, गंजत नाही. कामाला याहून योग्य वस्तू शोधूनही सापडणार नाही. मित्र दुखावतो. आपल्या जर्मन गाडीला दारूच्या डब्याचे ठिगळ! निवेदकाला धातू दिसतो, मित्राला डबा. हा भेद अज्ञानाचा नाही, दृष्टीचा आहे. मित्र वस्तूकडे तिच्या कुळावरून पाहतो, निवेदक तिच्या कर्तृत्वावरून. आम्हांला वाटते, पिर्सिग यांचा तो डबा प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मनाशी बाळगून जावे.

कुळावरून पाहण्याची ही खोड मराठी समाजात किती खोल गेली आहे, याची साक्ष भाषाच देते. घिसाडी ही लोहारकाम करणारी भटकी जमात. रस्त्याकडेला पाल ठोकायचे, भाता लावायचा, पुरुषाने सांडशीत लोखंड धरायचे आणि बाईने घण मारायचा, हे दृश्य महाराष्ट्रातल्या बाजारगावांना नवे नाही. जुन्या मालमोटारींच्या कमानींचे पाटे तापवून केलेली खुरपी, विळे आणि कोयते लोक त्यांच्याकडून घेत आले. स्प्रिंगचे ते पोलाद चिवट असते, पाणी नीट पाजले तर धार धरते. चकचकीत वेष्टनातल्या पत्र्याच्या खुरप्याशी त्याची तुलनाच नको. म्हणजे स्वस्त आणि उत्तम यांचा संगम साधणारे कारागीर आपल्या दारात होते. भाषेने मात्र त्यांच्या नावावर 'घिसाडघाई' हा शब्द चिकटवला, ज्याचा अर्थ उरकाउरकी, धसमुसळेपणा. हत्यार वापरायचे आणि ते घडवणाऱ्याचे नाव ओबडधोबडपणाला द्यायचे, ही पारख नव्हे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) वर्णिलेल्या बलुतेपद्धतीत लोहार-सुतारांच्या वाट्याला अवजारे नीट ठेवण्याचे काम होते, आणि त्याचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. त्या व्यवस्थेतले जातीचे जाच आणि पिळवणूक कोणीही गोड मानून घेऊ नये. पण एक गोष्ट तिथून उचलण्याजोगी आहे: अवजार आणि त्याची निगा या दोन वेगळ्या खरेद्या नव्हत्या. आजचे स्वस्त हत्यार पुष्कळदा स्वस्त असते ते निगेची वाटच बंद केल्यामुळे. रिव्हेट ठोकून कायमची जोडलेली कात्री उघडता येत नाही, म्हणून तिला नीट धार लावता येत नाही. बोल्ट असलेली तेवढ्याच किमतीची कात्री मात्र वर्षानुवर्षे चालू शकते. दुकानात उभे राहून करता येण्याजोगी ही सर्वांत सोपी परीक्षा आहे: हे उघडता येते का, याला धार लागते का, दांडा बदलता येतो का?

कमी किमतीतही विचारपूर्वक घडवलेली वस्तू मिळू शकते, याचे उत्तम उदाहरण कोकणात आहे. आंबा काढायचा साधा झेला म्हणजे काठी, कडे आणि जाळी. त्याने ओढून आंबा निघतो, पण देठ तुटतो, चीक फळावर ओघळतो आणि साल डागाळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'नूतन झेल्या'त देठ कापणारे पाते बसवले आहे. आंबा देठासकट जाळीत येतो. यात ना मोटर, ना मौल्यवान धातू. कामाचा नेमका बिंदू कोणता, तो देठाशी आहे, हे कोणाच्या तरी ध्यानात आले, एवढेच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुरणे हे कोणाला तरी पुरणे असते, असे आम्ही प्रारंभी म्हटले. घरच्या आणि बागेच्या हत्यारांबाबत हा 'कोणी' बहुधा दोघांत विभागलेला असतो. खरेदी करणारा एक, वापरणारा दुसरा. सोसायटीच्या बागेचे खुरपे समितीचे सभासद ठरवतात, आणि ते दिवसाचे कित्येक तास माळीकाकांच्या मुठीत असते. मूठ खडबडीत असेल तर घट्टे त्यांच्या हाताला पडतात, दांडा आखूड असेल तर पाठ त्यांची वाकते. 'चालतंय की' हा निर्णय देणारे तोंड आणि तो भोगणारा हात एकाच शरीराचे नसतात. व्हाइम्सच्या गणिताने उत्तम हत्यार मिळायला हवे ते रोज वापरणाऱ्याला. प्रत्यक्षात हौसेची परदेशी कात्री कपाटात मखमलीवर पडून असते आणि रोजच्या कामाला वाकलेले खुरपे पुरेसे मानले जाते. आपण दोन्हीकडे चुकतो: जिथे स्वस्त पुरले असते तिथे मिरवतो आणि जिथे पुरणार नाही तिथे काटकसर करतो.

म्हणून स्वस्त हत्यारांविरुद्ध आमची तक्रार नाही. उलट अधूनमधून होणाऱ्या कामांसाठी ती अवश्य घ्यावीत आणि त्याबद्दल संकोच बाळगू नये. आमचा आग्रह एवढाच, की 'पुरेसे आहे' हे विधान करण्यापूर्वी त्या वाक्याचे उरलेले दोन भाग पूर्ण करावेत: कशाला, आणि कोणाला. ज्याच्या हातात ते हत्यार राहणार आहे त्याला विचारून खरेदी केली, तर निम्मी चिकित्सा तिथेच उरकते. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी त्यांच्या मुठीही एकदा हाताळून पाहाव्यात.