निळ्या बाटलीतलं तांबं

ऑफिसच्या वॉशरूममध्ये आरशासमोरच्या पाउचमधून हल्ली एक नवी बाटली डोकावते. काचेची, ड्रॉपरवाली, आत शाईसारखं निळंशार पाणी. व्हिटॅमिन सी झालं, हायलुरॉनिक झालं, नायसिनमाइडही झालं. आता नंबर कॉपर पेप्टाइडचा. किंमत अशी की पगाराच्या आठवड्यातच हिंमत व्हावी. म्हणून विचारू या, हे नक्की काय प्रकरण आहे बुवा?

तांबं म्हटलं की आपल्याला आजीचा तांब्या आठवतो. रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी सकाळी चेहऱ्यावर मारलं की झालं, असा स्वस्त आणि मस्त शॉर्टकट कुणी सुचवला तर हसून सोडून द्या. त्या पाण्यात उतरतं ते नुसतं तांबं. सीरममध्ये त्या तांब्याला एक जोडीदार असतो, आणि खरी गंमत त्या जोडीदाराची आहे.

१९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट या अमेरिकी संशोधकाने माणसाच्या रक्तातून तीन अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी शोधून काढली. ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन. शास्त्रज्ञांच्या शॉर्टफॉर्ममध्ये जीएचके. तिला तांब्याची भारी ओढ. तांब्याचा आयन दिसला की गळ्यात पडलीच. या जोडीचं नाव जीएचके-सीयू, आणि बाटलीवर छापतात ते ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’. निळा रंग तांब्याचाच. पिकार्ट यांच्या आकड्यांप्रमाणे विशीत रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमागे सुमारे २०० नॅनोग्रॅम जीएचके असतं, साठीत ते ८० वर येतं. आता हे वाक्य मार्केटिंगवाल्यांच्या हाती पडल्यावर काय होणार, सांगायला नकोच!

पुढे १९८८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींवर, म्हणजे कोलॅजेन विणणाऱ्या कारागिरांवर, हे घालून पाहिलं. अगदी नगण्य मात्रेतही कोलॅजेन वाढलं. इथपर्यंत सगळं सही. पण बशीतली पेशी आणि तुमचा गाल यांत फरक आहे ना! गालावर मृत पेशींचा तेलकट थर असतो, दारावरच्या वॉचमनसारखा. जीएचके-सीयू आकाराने लहान असलं तरी पाण्यात रमणारं. तेलकट दारातून ते सहजासहजी आत जात नाही.

मग माणसांवर काय दिसलं? २००६ मध्ये अमेरिकेत १३ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्यावर लेझर केल्यानंतर काहींना कॉपर पेप्टाइडची उत्पादनं दिली, काहींना नाही. कुणी काय लावलंय हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासलं, तर लाली ओसरण्यात किंवा सुरकुत्यांत ठळक फरक नव्हता. लावणारे मात्र जास्त खूश होते! आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या विषयावरचं बरंचसं कौतुक खुद्द पिकार्ट यांनी लिहिलेलं आहे, आणि अशी उत्पादनं विकणारी कंपनीही त्यांनी काढली होती. म्हणजे ते खोटं असं नाही. पण आपल्या पोराचं प्रगतिपुस्तक बापानेच भरलं तर आपण जरा निरखून वाचतोच की.

आता शेजारी ठेवा २०१३ चा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बरचा अभ्यास. ९०३ माणसं, साडेचार वर्षं, आणि रोज लावायचं काय तर साधं सनस्क्रीन. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वय वाढल्याच्या खुणा इतरांपेक्षा २४ टक्के कमी दिसल्या. बजेट एकाच बाटलीचं असेल तर कुठली घ्यायची, हे तुम्हीच ठरवा.

तरी हौस आहेच? बिनधास्त लावा. त्वचेवर वरून लावायला हे बऱ्यापैकी निरुपद्रवी आहे. आधी कानामागे दोन-तीन दिवस थोडंसं लावून बघा. व्हिटॅमिन सीच्या आंबट सीरमवर लगेच थापू नका. तांबं व्हिटॅमिन सी खराब करतं आणि आम्ल तांब्याला साखळीपासून तोडतं. एक सकाळी, एक रात्री, भांडण संपलं. विल्सन्स डिसीज असेल, म्हणजे शरीरात तांबं साठण्याचा आजार, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणातही तेच.

खरं टेन्शन वेगळंच आहे. एका वाचक मैत्रिणीचा मेल आलाय. तीन महिन्यांवर लग्न. घरीच डर्मारोलर फिरवून त्यावर हे सीरम लावलं तर लवकर उजळेन का? आणि मैत्रीण म्हणते तशी ऑनलाइन पावडरची कुपी मागवून इंजेक्शन घेतलं तर?

नाही. आणि दुसऱ्याला तर अजिबात नाही.

रोलरच्या सुया त्या वॉचमनला बाजूला सारतात, आणि मग सीरममधलं सगळंच आत शिरतं. तांबं, सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह, सगळी वरात. २०१४ मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’त तीन स्त्रियांची नोंद आली. मायक्रोनीडलिंगबरोबर लावलेल्या प्रसाधनांमुळे त्यांच्या चेहऱ्यावर ग्रॅन्युलोमा, म्हणजे लाल टणक गाठी, उठल्या होत्या. वरून लावायला सुरक्षित असलेली बाटली सुईच्या वाटेने आत सोडण्यासाठी बनवलेली नसते.

कुपीची गोष्ट त्याहून गंभीर. त्यावर बहुतेकदा बारीक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. ते शोभेला नाही. आत किती शुद्ध माल आहे, जंतुविरहित आहे का, याची हमी कुणीच घेत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये इंजेक्शनच्या जीएचके-सीयूला सुरक्षिततेची चिंता असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं, कारण शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर उलटण्याची भीती.

तेव्हा ताई, आधी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घ्या. तीन महिन्यांत त्यांना करता येण्यासारखं बरंच असतं. आणि हा अंक हातात पडेपर्यंत रोलर फिरवून झाला असेल, गालावर खाज किंवा गाठी दिसत असतील, तर त्यावर आणखी काही चोपडू नका. सरळ दवाखाना गाठा. जाताना बाटली खोक्यासकट न्या. डॉक्टर सगळ्यात आधी घटकांची यादी मागतील.