कार्ड मेलेलं नाही, मशीन भंगारात काढू नका!

मंडळी, आज राजकारण नाही. निदान वरून दिसायला तरी नाही. आजचा विषय आहे कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड. कंटाळून पुढे जाऊ नका, कारण यात तुमच्या-माझ्या कराचा पैसा आहे.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते आणि कंपनीच्या यादीतलाच प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधी घेतलेली बहुतेक मशीन त्यात बसत नाहीत. आपल्या शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती अशाच मशीनवर चालतात. मशीन धडधाकट आहेत, फक्त सुरक्षेचे अपडेट बंद झालेत. यावर बिनखर्चाचा उपाय आहे लिनक्स. लायसन्सचा पैसा नाही, जुन्या मशीनवरही बरं पळतं.

आणि नेमकी इथेच गाडी अडते. तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षकांनी हौसेनं विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं. लिनक्स सुरू झालं, पण इंटरनेट नाही. सप्लायरचा माणूस आला, पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला: "नेटवर्क कार्डं गेलीत. मशीन निर्लेखित करा, नवीन कोटेशन देतो." विषय थेट समितीच्या बैठकीत!

आता मी काही इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, तालुक्याच्या बातम्या लिहिणारा माणूस. पण प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. कार्ड गेलंय, तर त्याच मशीनवर विंडोज चालू केल्यावर इंटरनेट कसं येतं? एकाच्या हाती नांगर ओढणारा बैल दुसऱ्याच्या हाती उभा राहिला, तर आपण बैल मेला असं म्हणतो का?

स्टँडामागे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका पोराला घेऊन शाळेत बसलो. त्यानं दोन कारणं दाखवली.

पहिलं कारण, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ही सोय आली. आपण 'शट डाऊन' करतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. काही कार्डं त्या झोपेत अशी अडकतात की दुसऱ्या सिस्टीमला ती उठवता येत नाहीत. उपाय काय? विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करायचं, मशीन पूर्ण बंद करायचं, वायर काढून मिनिटभर थांबायचं. निम्मी मशीन एवढ्यानंच सुरू झाली. खर्च शून्य.

दुसरं कारण, फर्मवेअर. अनेक वायफाय कार्डांना चालू होताना कंपनीची एक छोटी फाईल आतून भरावी लागते. विंडोजच्या ड्रायव्हरबरोबर ती येते. लिनक्समध्ये ती नसेल, तर कार्ड यादीत दिसतं पण काम करत नाही. ती फाईल आणायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट तर त्या फाईलवाचून अडलेलं! पोरानं स्वतःचा मोबाईल यूएसबी केबलनं जोडला, मोबाईलचं इंटरनेट मशीनला दिलं, फाईल उतरवली. उरलेलीही मशीन सुरू.

काही जण म्हणतील, "बघा, म्हणूनच लिनक्स नको, विंडोजमध्ये असली कटकट नाही." असं कसं? नव्या लॅपटॉपवर कोरं विंडोज टाकलं की वायफाय दिसत नाही, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणावा लागतो, हे कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा. त्यामुळे हे भांडण विंडोज विरुद्ध लिनक्स नाहीच. कार्डाशी कसं बोलायचं ही माहिती कोणाच्या कुलपात आहे, एवढाच मुद्दा आहे.

ब्रॉडकॉमचं उदाहरण घ्या. या कंपनीच्या वायफाय कार्डांसाठी लिनक्सवाल्या स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं उलट्या बाजूनं शोध घेत ड्रायव्हर लिहिला, कारण माहिती मिळतच नव्हती. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीनं स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. म्हणजे जे तोवर होत नव्हतं, ते कंपनीच्या मनात आल्यावर झालं. अडचण तंत्राची कमी आणि मर्जीची जास्त होती.

मग सार्वजनिक पैशानं घेतलेलं मशीन कंपनीच्या मर्जीवर का सोडायचं? मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं केंद्र सरकारचं धोरण २०१५ चं आहे. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय सिस्टीम बनवली आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात. आणि आमच्याकडे? मी वाचलेल्या एकाही स्थानिक निविदेत "नेटवर्क कार्ड लिनक्सवर चालवून दाखवावं" अशी एक ओळ नाही. रॅम किती, हार्ड डिस्क किती, मॉनिटर किती इंची, सगळं असतं. ही एक ओळ नसते. ती नसल्याचा फायदा कोणाला होतो, हे तुम्हीच ओळखा.

तेव्हा मागण्या तीनच.

एक, निविदेत अट घाला: पुरवठादारानं पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून नेटवर्क, आवाज, प्रिंटर चालवून दाखवावं, मगच बिल काढावं.

दोन, "कार्ड गेलं" या तोंडी शब्दावर एकही मशीन निर्लेखित करू नका. दोन्ही सिस्टीमवर तपासल्याचा लेखी अहवाल डेडस्टॉक रजिस्टरला जोडा.

तीन, तपासणी नवीन मशीन विकणाऱ्याकडून करून घेऊ नका. घोडा विकणाऱ्यालाच "जुना घोडा लंगडा आहे का" असं कोणी विचारतं का?

शाळा व्यवस्थापन समितीत तुमचा कोणी पालक असेल, ग्रामसभेला जाणार असाल, तर हे तीन मुद्दे लिहून न्या. उत्तर मिळालं नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. मागच्या पाच वर्षांत किती कॉम्प्युटर निर्लेखित झाले, कोणाच्या तपासणीवरून झाले आणि त्यांच्या जागी नवीन कोणाकडून घेतले, एवढंच मागा. अर्ज कसा लिहायचा ते कमेंटमध्ये विचारा, सांगतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर वाद घाला, पण आधी फास्ट स्टार्टअप बंद करून बघा.